शनिवारचे खांदे

खांद्याचं ऑपरेशन असलं की मी आजही दोन ट्रे लावते. एक साध्या टाक्याचा, एक गादीच्या टाक्याचा. सध्या ज्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, इन्चार्ज आहे, तिथले तरुण सर्जन म्हणतात, "सिस्टर, कुठला टाका घालायचा ते आम्ही ठरवलंय ना? मग दुसरा ट्रे कशाला निर्जंतुक करता?" मी म्हणते, "तुम्ही ठरवलंय. खांद्याने अजून ठरवलेलं नाही."

ते हसतात. हसू देत. वाक्य माझं नाही. ज्यांचं आहे ते आता अक्कलकोटच्या पुढे, आपल्या गावी, शेतातल्या घरात राहतात आणि बहुतेक गोठ्यातल्या दावणीला नको तितक्या गाठी मारत असतील.

हाडांचे डॉक्टर होते. सोलापुरात सात रस्त्याजवळ खाली औषधांचं दुकान आणि वर दवाखाना अशी त्यांची इमारत होती. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. घरी कन्नड, पेशंटशी मराठी, आणि गाठ बांधताना पुन्हा कन्नड. सकाळी पूजा करून यायचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. ते पुसायला सांगितलं तर ऐकायचे नाहीत. ऑपरेशनची टोपी त्यांच्यावरून ओढून घ्यायचे. एकदा परटाने विचारलं होतं, "बाई, या टोप्यांना आतून खडू कोण लावतं?"

दोरा दिसला की त्यांची बोटं चालू व्हायची. पडद्याची दोरी, माझ्या पर्सचा बंद, सलाइनच्या स्टँडला लटकणारी पट्टी, काही सुटायचं नाही. ओपीडीतला पडदा उघडायला मला कात्री घेऊन जावं लागायचं. एकदा भवानी पेठेतले एक आजोबा नातवाचा एक्स-रे घेऊन समोर बसले होते. डॉक्टर एक्स-रे पाहत, समजावून सांगत होते, आणि हात आपोआप आजोबांच्या उपरण्याच्या टोकाशी. बोलणं संपलं, आजोबा नमस्कार करून उठले, आणि त्यांच्यामागे खुर्चीही उठली.

"अहो डॉक्टर, हे काय?"

डॉक्टरांनी वाकून बघितलं. "सरकती गाठ आहे. ओढा, आणखी घट्ट होईल," म्हणाले, आणि समाधानाने मान हलवली. सोडवली मीच.

त्यांचा जीव खांद्यावर होता. गुडघे, मणके, मनगटं ते नीट करायचे, पण खांदा आला की खुर्ची पुढे ओढायचे. आमच्याकडे निसटणारे खांदे खूप यायचे. कबड्डीची पोरं, मागावर काम करणारे, साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या ट्रॅक्टरवर फेकणारे, स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलेल्या बायका. एकदा निसटलेला खांदा पुन्हा निसटतो, मग शिंकतानाही निसटतो, मग माणूस हात पोटाशी धरून जगायला शिकतो. डॉक्टरांना हे पोटाशी धरलेले हात सहन व्हायचे नाहीत.

पेशंटला ते एकच गोष्ट सांगायचे. "खांदा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. चेंडू घरंगळू नये म्हणून बशीला कड असते, कुकरच्या रिंगसारखी. तुमची रिंग फाटलीय. मी बशीच्या काठावर हाडात बारीक खुंटी बसवणार. खुंटीला दोरा असतो. त्या दोऱ्याने रिंग परत काठाला बांधणार. झालं."

झालं, असं ते म्हणायचे. खरा घोळ तिथून पुढे होता. रिंग बांधायची कशी? साधा टाका म्हणजे दोऱ्याचं एक टोक कडेतून एकदाच पलीकडे काढायचं आणि वर गाठ. सोपा, पटकन होणारा. पण गाठ कडेवरच बसते आणि कधी कधी आतल्या गुळगुळीत हाडाला घासते. गादीच्या टाक्यात दोन्ही टोकं शेजारी शेजारी दोन ठिकाणी आरपार काढायची, गादी शिवतात तशी, आणि गाठ मागच्या बाजूला, सांध्यापासून लांब बांधायची. कड रुंद पट्ट्यावर दाबून बसते. पण भोकं दोन पडतात आणि वेळ लागतो. दोन्ही टाके जगभर घालतात, दोन्हींनी खांदे बरे होतात. डॉक्टरांचं मन गादीच्या टाक्यावर होतं. मात्र नुसतं मन आहे म्हणून एखादी गोष्ट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

म्हणून बकरे.

डॉक्टर पक्के शाकाहारी. अंड्याचा केक वाढदिवसाला आला तर खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे. आणि हाच माणूस दर शनिवारी सकाळी मटणाच्या दुकानाबाहेर, नाकाला रुमाल लावून उभा. शनिवारी गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दुकानवाले चाचा निवांत असायचे. मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हाचं बोलणं मला अजून आठवतं.

"साब, पाया ले जाओ. सूप अच्छा बनता. ये खांदा सांधे के साथ किसकू होना?"

"हमको होना. सांधा मत तोडो. टाके डालने के हैं."

चाचांनी सुरा खाली ठेवला. "मरे सो बकरे कू टाके?"

"हां."

"फिर उनें चलता क्या?"

डॉक्टरांना हा प्रश्न फार आवडला. पुढे कितीतरी दिवस ते एखाद्या कंटाळलेल्या पेशंटला म्हणायचे, "तुझं बरं आहे, तू चालतोस तरी."

आणलेले खांदे दवाखान्याच्या मागच्या खोलीत जायचे. तिथे एक लाकडी टेबल होतं, त्याला शिकंजा बसवलेला. त्यात बकऱ्याच्या खांद्याचं हाड आवळायचं, मुदत संपलेले दोरे आणि कंपनीच्या माणसांनी नमुना म्हणून दिलेल्या खुंट्या वापरून एका खांद्याला साधे टाके, दुसऱ्याला गादीचे. मग बांधलेल्या कडेला हूक लावून खाली बादली टांगायची आणि बादलीत पाणी ओतत जायचं, टाका तुटेपर्यंत. पाणी ओतण्याचं काम माझं.

"तांब्याने, सिस्टर. हळू. धबधबा नको."

मी हळू ओतायची. डॉक्टर टाक्याला नाक लावून बसलेले. साधा टाका बहुतेक वेळा कडेतूनच कापत बाहेर यायचा, साबणाच्या वडीतून तार जावी तसा. गादीचा टाका जास्त टिकायचा. कधी कधी खुंटीच उपटून यायची पण टाका तसाच. तेव्हा डॉक्टर टाळी वाजवायचे आणि बादली माझ्या पायावर पडायची.

या शनिवारांमुळे एकदा मोठाच गोंधळ झाला. एक खांदा टाके घालून फ्रीजमध्ये ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पाहू म्हणून. आमच्या आयाबाई नवीन होत्या. त्यांना वाटलं, कुणा पेशंटने प्रेमाने मटण पाठवलंय. त्यांनी ते घरी नेलं. सोमवारी सकाळी त्या डॉक्टरांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, माफी करा. मला काय ठाव हुतं? रश्श्यात निळा दोरा निघाला. आमचे मालक ताटावरनं उठलेच की."

मला वाटलं, आता कन्नडमध्ये काहीतरी निघणार. डॉक्टरांचे डोळे चमकले. "किती शिजवलं होतं?"

"कुकरला लावलं हुतं."

"आणि गाठ? गाठ सुटली होती का?"

"आं?"

"गाठ, मावशी! दोऱ्याची गाठ!"

"न्हाय वो. तशीच हुती. लई घट्ट."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ऐकलंत?" आणि त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना पेढे मिळाले. मावशींनाही. त्या पुढे शेवटपर्यंत आमच्याकडे होत्या, पण फ्रीजला त्यांनी परत हात लावला नाही.

बिनगाठीच्या खुंट्या आल्या तेव्हा कंपनीचा टाय लावलेला माणूस ओपीडीत तासभर बोलला. गाठ मारायचीच गरज नाही, दोरा ओढला की आपोआप घट्ट. डॉक्टरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना सांगतंय, आता जेवायची गरज नाही. "मग मी कशाला?" म्हणाले. माणूस गेला. पण शनिवारी त्या बिनगाठीच्या खुंट्या टेबलावर होत्या, आणि बादली भरत भरत काठापर्यंत आली. डॉक्टरांनी दोरा ओढून पाहिला, तुटला नाही. मग त्यांनी स्वतः त्या माणसाला फोन लावला. "चांगलं आहे तुमचं. मला आवडलेलं नाही. पण चांगलं आहे." आणि ज्या पेशंटना ते योग्य होतं त्यांना ते वापरूही लागले. आपल्या आवडीचा पराभव असा फोन करून कळवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ऑपरेशननंतर सुट्टी द्यायची त्यांची स्वतःची रीत होती. बाकीचे डॉक्टर हात वर करायला सांगतात, कोन मोजतात. यांनी गच्चीत वळणी बांधून घेतली होती, चांगली उंच, आणि खाली पाण्याने भरलेल्या टोपात सोलापुरी चादर. ती चादर ओली झाली म्हणजे काय वजन होतं ते ज्याच्या घरी धुतात त्यालाच माहीत. महिने उलटल्यावर पेशंटने ती चादर पिळायची आणि एका फटक्यात वळणीवर टाकायची. टाकली की कामावर जायची परवानगी. नाही टाकली तर परत व्यायाम.

श्रीपूरच्या कारखान्यावरचा एक मोळी टाकणारा गडी एकदा अडून बसला.

"सायेब, म्या मोळ्या टाकनारा मानूस. चादर वाळत घालनं बायकांचं काम हाय की."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "बायको आलीय का बरोबर?"

"व्हय, खाली हाय."

"बोलवा. त्या चादर टाकतील आणि उद्यापासून त्याच मोळ्याही टाकतील. तुम्ही घरी भाकरी करा."

बायको वर आली, सगळं ऐकलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका वो जरा." गड्याने तिच्या हातातून चादर घेतली आणि वळणीवर अशी भिरकावली की वळणीच तुटली. डॉक्टर खूश. गाठ त्यांची नव्हती, गवंड्याने बांधली होती.

आता माझ्या खांद्याकडे येते.

डॉक्टरांकडेही मी ओटीची इन्चार्ज. माझं काम यादीने चालतं. सकाळी आल्यावर काय तपासायचं, ट्रेमध्ये कुठलं हत्यार कुठे, कुठल्या केसला कुठला दोरा, सगळं ठरलेलं. एक दिवस ट्रॉलीवरून पेशंट ओटीबाहेर नेत होतो. पेशंट अर्धवट शुद्धीत, अंगाने दांडगा. कडेला वळला आणि घसरला. मी उजवा हात पुढे टाकून त्याला धरलं. पेशंट वाचला, माझा खांदा जागेवरून सुटला. डॉक्टरांनी तिथेच, व्हरांड्यात, "सिस्टर, आज डब्यात काय आणलंय?" विचारत विचारत तो बसवला. "शेंगा-चटणी" म्हणेपर्यंत खट्ट झालं होतं.

मग तो पुन्हा सुटला. कपाटावरून कपड्यांचा गठ्ठा काढताना. ब्लाउजमध्ये हात घालताना. एकदा बसमध्ये दांडीला धरलं आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा. माझी कामांची यादी मी नव्याने लिहायला लागले. निर्जंतुक कापडांचे जड ड्रम खालच्या फळीवर. वरचा दिवा ओढायला दुसरं कुणीतरी. डाव्या हाताने काय काय जमतं ते एका बाजूला. जमत नाही ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू लांबत गेली आणि शेवटी तिथे लिहावं लागलं, ऑपरेशन चालू असताना पेशंटचा पाय धरून उभं राहणं. ज्या सिस्टरला ते जमत नाही तिला ओटीत ठेवत नाहीत. खाली काउंटरवर बसवतात, पेशंटची नावं लिहायला. घरून कुणी काही बोललं नाही. मिस्टर म्हणाले, "बसून काम, वाईट काय त्यात?" वाईट काहीच नव्हतं. पण ते माझं काम नव्हतं.

मी डॉक्टरांकडे गेले. "सर, माझं ऑपरेशन करा."

ते पेनची उघडझाप करू लागले. "पुण्याला माझा मित्र आहे. उत्तम हात आहे. मी फोन करतो."

"पुण्याला नाही. तुम्ही."

"सिस्टर, आपल्या माणसावर करू नये."

"का?"

"हात कापतो."

"तुमचा? कधी कापला?"

"म्हणूनच. अजून आपल्या माणसावर केलेलं नाही."

मी समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांच्यासमोर मी सहसा बसत नसे. "सर, इतकी वर्षं प्रत्येक शनिवारी मी पाणी ओतलं. कुठला टाका कसा तुटतो हे मी पाहिलंय. पुण्यातल्या माणसाला मी हे विचारणार कुठून? आणि मला ओटीत परत यायचंय. काउंटरवर नाही."

त्यांनी पेन खिशाला लावलं. "भूल देणाऱ्या मॅडमशी बोला."

"बोलले. पूर्ण भूल नको म्हटलंय. नुसता हात बधिर करा. मला दुर्बिणीचा स्क्रीन बघायचाय."

"अय्यो," म्हणाले.

मग टाक्याचा वाद सुरू झाला. मला ट्रे लावायचा होता, म्हणजे माझ्या जागी येणाऱ्या सिस्टरसाठी लावून ठेवायचा होता, आणि त्यासाठी टाका ठरायला हवा. मी म्हटलं, गादीचा. शनिवारी तोच जिंकतो. डॉक्टर म्हणाले, बहुतेक. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे काय लिहू? ते म्हणाले, "दोन्ही ट्रे लावा. आत गेल्यावर खांद्याला विचारू की."

हे त्यांचं नेहमीचंच वाक्य. इतरांच्या खांद्याबद्दल ते ऐकायला मला काही वाटायचं नाही. स्वतःचा खांदा असला की माणसाला उत्तर आधी हवं असतं. मी शुक्रवारी विचारलं, शनिवारी पाणी ओतताना डाव्या हाताने तांब्या धरून विचारलं, सोमवारी पुन्हा. "सर, गादीचाच ना?" दर वेळी तेच. शेवटी चिडले. "तुम्हाला उत्तर हवंय की खांदा?"

दोन्ही ट्रे लावले.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर मी आडवी. ज्या दिव्याची काच मी रोज पुसायची तो दिवा माझ्याच डोळ्यांत. उजवा हात माझा नव्हताच जणू, कुणीतरी बाजूला ठेवलेली वस्तू. मॅडम उशाशी. स्क्रीन माझ्याकडे फिरवलेला. माझ्या जागी नवीन सिस्टर उभी, बिचारी हत्यारं पुन्हा पुन्हा मोजत होती, कारण तिची परीक्षक टेबलावर जागी पडलेली होती.

"आधी नळी दे, नळी! हत्यार नंतर," मी हिरव्या कापडाखालून म्हटलं.

"पेशंटने गप्प राहायचं," डॉक्टर म्हणाले.

"सुईची दिशा बघून दे म्हणावं तिला."

"मॅडम, पेशंटला झोपवायचं काही आहे का तुमच्याकडे?"

मॅडम म्हणाल्या, "आहे, पण पेशंटने सही दिलेली नाही."

मग दुर्बीण आत गेली. स्क्रीनवर माझा सांधा. मी असे कितीतरी पाहिले होते, पांढरे, ओले, चंद्रासारखे. माझाही तसाच. पण कड पाहिली आणि मला कळलं. जाडजूड रबरासारखी कड असायला हवी तिथे झिरझिरीत, दशा निघालेली काहीतरी पट्टी होती. धुऊन धुऊन विरलेल्या पातळाचा काठ असतो तशी.

डॉक्टरांनी गादीच्या टाक्याचं हत्यार मागितलं. कडेत टोक टेकवलं. थांबले. टोक किंचित दाबलं, कड कागदासारखी दुमडली आणि टोकाच्या बाजूला बारीक फट दिसली. त्यांनी हत्यार मागे घेतलं. 

"सर?" मी म्हटलं.

ते स्क्रीनकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "सिस्टर, मटणाला बकरे कसले कापतात?"

"म्हणजे?"

"कोवळे. सगळे कोवळे. इतक्या वर्षांत आपण एकही म्हातारा बकरा तपासला नाही."

ओटीत कुणी हसायची हिंमत करेना.

"म्हणजे मी म्हातारी, असं?" मी विचारलं.

"तुमची कड. तुम्ही नाही," ते घाईने म्हणाले. "शेजारी शेजारी दोन भोकं पाडली तर मधला पूल फाटेल. गादीचा टाका बकऱ्याला चांगला. इथे नको."

मला ठाऊक होतं हे म्हणणं त्यांना किती जड जातंय. ज्या टाक्यासाठी हा शाकाहारी माणूस दर शनिवारी नाक धरून उभा राहिला, तो टाका त्यांनी नेमका आपल्या माणसाच्या खांद्यात बाजूला ठेवला. एक क्षण वाटलं की आता ते थांबतील, म्हणतील, पुण्याला पाठवू. थांबले नाहीत. "दुसरा ट्रे," म्हणाले. नवीन सिस्टरने पटकन दिला. तो तयार होता.

साधा टाका. पण त्यांनी तो नेहमीसारखा घातला नाही. नुसती विरलेली कड न धरता तिच्या खालचं जाड आवरण, जिथे अजून जीव होता, तेही मोठ्या घासाने सोबत घेतलं. गाठ घासू नये म्हणून ती मागे सरकवत, ढकलत, अगदी काठाच्या पलीकडे नेऊन बसवली. मी पापणी न लववता बघत होते. त्यांचा हात कापत नव्हता. आणि मग तो आवाज आला, गाठीबरोबर कन्नडमध्ये आकडे. ओंदु. एरडु. मूरु. प्रत्येक गाठीगणिक तेच. शेवटच्या खुंटीला ते थोडं थांबले, दोरा ओढून पाहिला, आणि म्हणाले, "साकु." पुरे.

"ती कड जरा खालून अजून घ्या," मी म्हटलं.

"सिस्टर, साकु म्हणजे साकु."

पुढचा शनिवार उजाडला तेव्हा माझा हात झोळीत होता, तरी मी मटणाच्या दुकानापर्यंत गेले. मला बघायचंच होतं. डॉक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "चाचा, आजसे बुड्ढा बकरा होना."

चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "साब, लोगां कोवळा मांगते, तुम बुड्ढा मांग रैं! बुड्ढा गलता नै."

"गलाना नहीं है. टाके डालने के हैं."

"ये बाई कू भी तुमीच डाले क्या टाके?"

"हां."

"फिर येभी चलेंगे?"

"देखते हैं," डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत.

ते न हसणं मी घरी घेऊन आले. व्यायाम केले. झोळी, मग काठी, मग भिंतीवर बोटांनी चढणं, मग रबराची पट्टी. कंटाळवाणी कामं, पण यादी केली की होतात. दुखलं तेव्हा ओरडले आणि पुढचा व्यायाम केला. मी दवाखान्यात व्यायाम करताना डॉक्टर जाता येता नुसते बघायचे. विचारायचे नाहीत, कसं आहे. त्यांच्यासारख्या बोलघेवड्या माणसाने न विचारणं हे विचारण्यापेक्षा जड होतं. मागच्या खोलीत म्हाताऱ्या बकऱ्यांचे खांदे टांगले जात होते आणि साधा टाका मोठ्या घासाने घातला की तिथे कसा टिकतो हे ते पाहत होते. मला आत बोलवत नव्हते. मीही गेले नाही. ती बादली माझ्या खांद्यासाठी भरत होती, आणि कधीतरी ती पडणारच होती; ते मला बघायचं नव्हतं.

शेवटी तो दिवस आला. ओपीडी संपली होती. त्यांनी मला टेबलावर बसवलं.

निसटणाऱ्या खांद्याची एक तपासणी असते. पेशंटचा हात बाजूला वर न्यायचा, कोपर वाकवायचं, आणि दगड भिरकावताना जातो तसा तळहात मागे मागे न्यायचा. खांदा सुटायची ही अगदी पक्की जागा. खांदा खरंच सुटावा लागत नाही. तिथपर्यंत गेलं की ज्याचा खांदा बरा नाही त्याच्या चेहऱ्यावर भीती उमटते. आता जाणार, आता निसटला. ती लपवता येत नाही. म्हणून तपासणारा डॉक्टर खांद्याकडे बघतच नाही, तो पेशंटच्या तोंडाकडे बघतो. मी कितीतरी तोंडं तेव्हा पाहिली आहेत. पैलवान पाहिलेत, पोरी पाहिल्यात. सगळ्यांच्या भुवया एकाच जागी वर जातात.

डॉक्टरांनी माझं कोपर धरलं. हात वर नेला. मागे न्यायला सुरुवात केली. मी वाट बघत होते, आता निसटला असं वाटण्याची. हात मागे गेला. आणखी मागे. जिथे पूर्वी बसच्या दांडीला तो सुटला होता ती जागा आली. गेली.  खांदा जागेवर होता, घट्ट, नवीन दाराच्या बिजागरीसारखा.

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवया वर गेलेल्या, भस्माच्या पट्ट्यांपर्यंत. ओठ आत ओढलेले. श्वास धरलेला. ती भीती मी ओळखत होते, इतकी वर्षं टेबलावर बसलेल्या पेशंटच्या तोंडावर पाहिली होती. आज ती तपासणाऱ्याच्या तोंडावर होती.

"अजून मागे न्या," मी म्हटलं.

"नको."

"न्या, सर. मला काही होत नाहीये."

त्यांनी आणखी थोडा नेला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हळूहळू त्यांच्या भुवया खाली आल्या. श्वास सुटला. तरी हात सोडेनात.

"सर," मी म्हटलं, "सोडा आता. उद्याच्या केसचे दोन्ही ट्रे लावायचेत मला."